मागच्या सीटपर्यंत गाणे

(मंडळाच्या मासिक सभेत आम्ही दोघा भावांनी मिळून केलेल्या भाषणाचा हा मजकूर. सभेत काही वस्तू हातात घेऊन दाखवल्या होत्या, त्याचा उल्लेख त्या त्या ठिकाणी केला आहे. बाकी जसे बोललो तसे ठेवले आहे.)



या सभागृहात आजवर ज्ञानेश्वरीवर, होळकरांच्या इतिहासावर, झालेच तर मधुमेहावरही व्याख्याने झाली. ‘गाडीतली म्युझिक सिस्टिम’ हा विषय पत्रिकेवर वाचून दोघा-तिघांनी आम्हाला फोन केला, की अहो, हे मंडळात कशाला? प्रश्न रास्त आहे. आमचे म्हणणे एवढेच, की इंदूरच्या मराठी घरांत गाणे ऐकण्याची जागा बदलली आहे. पूर्वी बैठकीच्या खोलीत रेडिओ होता, मग टेपरेकॉर्डर आला. आता तिथे टीव्ही चालतो आणि मुलांच्या कानांत बोंडे असतात. सगळे घर एकत्र बसून एकच गाणे ऐकते ते पुण्याला लग्नकार्याला जाताना, गाडीत. सेंधवा, धुळे, नाशिक करत सहाशे किलोमीटरच्या आसपासचा रस्ता. दहा-बारा तास पाच माणसे एका डब्यात. आमच्या घराण्याची बैठक म्हणाल तर आता तीच.

त्यामुळे तिथे गाणे कसे ऐकू येते, याला आमच्या लेखी महत्त्व आहे. शिवाय या विषयात आमच्या हातून एक चूक झाली, ती सांगितल्याशिवाय बाकीचे सांगण्यात अर्थ नाही. ती आमच्या आईसंबंधी आहे. ती समोर तिसऱ्या रांगेत बसली आहे आणि तिची परवानगी आम्ही काढली आहे. तिची अट एकच, की तिचे वय सांगायचे नाही.

आम्ही नवी गाडी घेतली तेव्हा कंपनीचे स्पीकर साधे होते. आम्हा दोघांना हौस फार. पुढच्या दोन दारांत नवे स्पीकर, पुढच्या काचेशेजारच्या खांबांवर ट्वीटर, डिक्कीत सबवूफरची पेटी आणि सीटखाली ॲम्प्लिफायर, असा सरंजाम बसवून घेतला. खर्च चाळीस हजारांच्या वर गेला. घरी आकडा निम्माच सांगितला होता, हे आज जाहीरपणे कबूल करतो. बसवणाऱ्या दुकानाचे नाव मात्र सांगणार नाही. त्यांच्याकडून एक चूक झाली, पण ती सहा महिने सापडली नाही याला कारण आम्ही.

हौशी मंडळींत एक समज आहे, की मागच्या दारांतले स्पीकर गाण्याची ‘स्टेज’ बिघडवतात. गाणारा समोर, डॅशबोर्डवर बसून गातो आहे असे वाटले पाहिजे, मागून आवाज कशाला? आम्हालाही ते पटले. आम्ही सगळा आवाज पुढे घेतला आणि मागचे स्पीकर जवळजवळ बंद केले. पुढे बसून ऐकले, खूश झालो.

मग नोव्हेंबरात लग्नासाठी पुण्याला निघालो. आम्ही दोघे पुढे. मागे दोन नातवंडे, दोघांनाही खिडकी हवी, म्हणून आई मधोमध. आई नाट्यसंगीताची. ‘मत्स्यगंधा’तली आशालताबाईंची पदे, ‘कट्यार’मधले वसंतराव हे तिचे प्रवासातले सोबती. काही जुनी ध्वनिमुद्रणे होती, काही पदे नंतरच्या गायिकांनी नव्याने म्हटलेली. बिजासन घाट उतरताना ती म्हणाली, “अरे, पेटी ऐकू येते, तबला ऐकू येतो, ही बाई कुठे गायला गेली?” आम्ही आवाज वाढवला. मुलांनी कानांवर हात ठेवले. जुने पद लागले तेव्हा म्हणाली, “हे तर कुणी घागरीत तोंड घालून म्हणतंय.” आम्ही पुन्हा आवाज वाढवला. शेवटी आम्ही म्हणालो, “आई, इंदूरला गेलो की तुझे कान एकदा दाखवू या.”

त्यावर ती काही बोलली नाही. धुळ्यापर्यंत बाहेर बघत बसली. त्यानंतर गाडीत गाणे लावले की म्हणायची, “माझ्यासाठी नको लावू, बंद केले तरी चालेल.”

इंदूरला आल्यावर कान खरेच दाखवले. तपासणीचा आलेख आला. खालचे स्वर ठीक होते, वरच्या पट्टीत, दोन-तीन हजार हर्ट्झच्या पुढे, रेघ उतरत गेलेली. वयोमानाने बहुतेकांचे असेच होते असे डॉक्टरांनी सांगितले. झाले! आमचे म्हणणे सिद्ध झाले. विषय संपला असे आम्ही समजलो.

पुढच्या मे महिन्यात देवासला जाताना मेहुणे पुढे बसले, म्हणून आमच्यापैकी एकाला मागे मधल्या जागेवर बसावे लागले. गाणे लागले आणि गाणारी बाई नाहीशी झाली. पेटी डावीकडे, तबला उजवीकडे, मधे पोकळी. डावीकडे झुकले की बाई आली. उजवीकडे झुकले की आली. सरळ बसले की गेली. तिथे बसलेल्या आमच्या भावाने मेहुण्यांना गाडी बाजूला घ्यायला लावली आणि आम्ही आळीपाळीने त्या जागेवर बसून पाहिले. संध्याकाळी घरी येऊन डाव्या दाराचे पॅनेल काढले. स्पीकरच्या दोन तारा उलट लावलेल्या होत्या. अधिकची तार उण्याला आणि उण्याची अधिकला.

आता याने एवढे काय बिघडते ते सांगतो. स्पीकरचा पडदा पुढे-मागे हलतो आणि हवा ढकलतो. गाणाऱ्याचा आवाज बहुधा दोन्ही स्पीकरमधून सारखाच येतो, म्हणून तो मधून आल्यासारखा वाटतो. त्यासाठी दोन्ही पडदे एकाच वेळी पुढे यायला हवेत. एका बाजूच्या तारा उलट झाल्या, की उजवा पडदा हवा ढकलतो त्याच क्षणी डावा ती ओढतो. झोक्याला एकाने पुढून आणि दुसऱ्याने त्याच क्षणी मागून सारखाच जोर लावला तर झोका जागच्या जागी राहतो, तसे होते. दोन्ही दारांपासून सारख्या अंतरावर जो बसला असेल, त्याच्यापाशी हे दोन आवाज एकमेकांना खाऊन टाकतात. काचांवरून, टपावरून परतून आलेला आवाज तेवढा उरतो, तोच घागरीतला आवाज. पेटी आणि तबला नव्या ध्वनिमुद्रणात एकेका बाजूला असतात, म्हणून ते वाचतात. कराओकेसाठी गाण्यातून गायकाचा आवाज काढून टाकण्याची जुनी युक्ती याच तत्त्वावर चालते. एका बाजूतून दुसरी वजा करायची, मधले ते जाते. आम्ही चाळीस हजार घालून आईच्या जागेवर नेमके तेच यंत्र बसवले होते.

पुढे बसणारा एका दाराला जवळ असतो, म्हणून आम्हाला ते कळले नाही. खिडकीशी बसलेल्या मुलांनाही कळले नाही. गाडीत ते कळण्याची एकच जागा होती आणि तिथे बसलेल्या माणसाला आम्ही कान दाखवायला नेले.

आईला सांगितले. तिने विचारले, “म्हणजे माझे कान ठीक होते?” आम्ही म्हटले, “कान थोडे कमी आहेतच. पण त्या दिवशीचा दोष तारेचा होता.” ती म्हणाली, “एकदा मागे येऊन बसला असतात तर तेव्हाच कळले असते.”

यावर आमच्याकडे उत्तर नव्हते, आजही नाही. मग आम्ही सगळे पुन्हा पहिल्यापासून केले, आणि पहिल्यापासून करताना जे समजले ते आता सांगतो.

आधी ही तपासणी, कारण ती फुकटात होते. (येथे सभेत मोकळा स्पीकर आणि पेन्सिल सेल दाखवला.) स्पीकरच्या तारा डेकपासून किंवा ॲम्प्लिफायरपासून सोडवायच्या. सेलचे अधिकचे टोक अधिकच्या तारेला, उण्याचे उण्याला, क्षणभर टेकवायचे. टक् असा आवाज होतो आणि पडदा बाहेर उडी मारतो. आत गेला तर तारा उलट आहेत. जाळीतून बॅटरी मारली तर बहुतेक दारांत हे दिसते. ट्वीटरला हे करू नका, तिथे काही दिसत नाही. तारा सोडवायच्या नसतील तर जुने, एकाच वाहिनीचे म्हणजे मोनो ध्वनिमुद्रण लावा आणि मागे मधोमध बसा. आवाज भरीव आणि एका ठिकाणाहून येतो आहे का ते बघा. बालगंधर्वांच्या, दीनानाथांच्या तबकड्या यासाठी उत्तम. लोक म्हणतात जुन्या तबकड्यांवर महागड्या यंत्राची परीक्षा काय होणार? उलट तिथेच होते. मोनो आवाज दोन्ही बाजूंना अगदी सारखा असतो, म्हणून तो एका बिंदूतून आला पाहिजे. पसरला, फाटला, सरकला, तर दोष यंत्रात आहे. नव्या चकचकीत ध्वनिमुद्रणांत असे दोष लपून जातात.

दुसरी गोष्ट, गाडी ही गाण्यासाठी वाईट खोली आहे, हे आधी मान्य करावे. तीन बाजूंना काच, खाली गादी, आणि ऐकणारा कधीच मध्ये बसत नाही. आम्ही फीत लावून मोजले. चालवणाऱ्याच्या डोक्यापासून उजव्या दाराचा स्पीकर 95 सेंटिमीटर, डाव्या दाराचा 140. आवाज एका मिलीसेकंदात सुमारे 34 सेंटिमीटर जातो. म्हणजे उजव्या बाजूचे गाणे सुमारे 1.3 मिलीसेकंद आधी पोचते. एवढ्याने काय होते? तर पुष्कळ होते. हेल्मुट हास या जर्मन संशोधकाने 1949 च्या प्रबंधात हे तपासले होते. तोच आवाज दोनदा, थोड्याशा फरकाने आला, तर आपला मेंदू तो जिकडून आधी आला तिकडचा मानतो. म्हणून चालवणाऱ्याला गायक नेहमी आपल्या उजव्या गुडघ्यापाशी बसलेला वाटतो. यावर उपाय म्हणून आजकालच्या डेकमध्ये ‘टाइम अलाइनमेंट’ असते. जवळच्या स्पीकरला तेवढा उशीर करायला सांगायचे. 45 सेंटिमीटरचा फरक असेल तर उजव्याला 1.3 मिलीसेकंद. हे केले आणि गायक उठून डॅशबोर्डच्या मधोमध जाऊन बसला! तो क्षण फार मजेचा असतो.

पण इथेच खरी मेख आहे. ही सोय एका खुर्चीपुरती असते. चालवणाऱ्यासाठी जे जुळते ते त्याच्या डावीकडच्या माणसासाठी दुप्पट बिघडते, आणि मागच्यांसाठी तर विचारूच नका. ट्यूनिंगच्या स्पर्धांमध्ये परीक्षक पुढे बसून ऐकतात, त्यामुळे हौशी लोकांचे सगळे शास्त्र पुढच्या सीटसाठी तयार झाले आहे. त्यात चूक नाही, पण आपल्या गाडीत परीक्षक बसत नाहीत. आमच्या डेकमध्ये दोन जुळण्या साठवता येतात. एकीला आम्ही ‘एकटा’ नाव दिले आहे आणि दुसरीला ‘आई’. दुसरीत उशीर शून्य आहे आणि मागचे स्पीकर चालू आहेत.

मागचे स्पीकर का, तेही सांगतो. वरचे स्वर सरळ रेषेत जातात, आडव्या आलेल्या वस्तूला वळसा घालत नाहीत. पुढच्या दारांतून आणि खांबांवरून निघालेले हे स्वर पुढच्या सीटच्या पाठीत आणि डोके टेकायच्या उशांत अडकतात. आता भाषेकडे बघा. स्वरांत, म्हणजे अ-आ-ई-मध्ये, आवाजाचा जोर असतो, तो खालच्या पट्टीत असतो आणि मागे पोचतो. स, श, च, त, ख या व्यंजनांची ओळख मात्र वरच्या पट्टीत असते, दोन हजार हर्ट्झपासून पुढे. शब्द कळतो तो व्यंजनांनी. आणि उतारवयात कान कमी होतात तेही याच पट्टीत. म्हणजे मागे बसलेल्या आजी-आजोबांच्या बाबतीत तीन गोष्टी एकाच जागी मार खातात: सीटची आड, वय आणि रस्त्याचा आवाज. म्हणून ते म्हणतात, “ऐकू येतंय, पण कळत नाही.” हे वाक्य ज्यांच्या घरात बोलले जाते त्यांनी आवाज वाढवू नये. नुसता आवाज वाढवला की अ-आ-ई आणखी मोठे होतात, व्यंजने त्यांत आणखी बुडतात.

आम्ही केले ते असे. मागच्या दारांचे स्पीकर पुढच्यांपेक्षा थोडे कमी ठेवून चालू केले. इक्वलायझरमध्ये 250 हर्ट्झच्या आसपास तीन डेसिबल काढून टाकले, कारण गाडीत तिथे घुमटासारखे घुमते. 3000 च्या आसपास दोन डेसिबल चढवले. बस. इक्वलायझरमध्ये चढवण्याआधी उतरवून बघावे. ज्या पट्टीने बाकीचे झाकले आहे ती कमी केली की झाकलेले आपोआप वर येते. दोन्ही हातांनी दोन्ही टोकांच्या पट्ट्या वर ढकलून गालावर हसू उमटल्यासारखा आकार करणारे पुष्कळ दिसतात. त्यात मधली पट्टी सर्वांत खाली जाते आणि गाणारा माणूस राहतो नेमका तिथेच.

आता दारे. खर्चाच्या मानाने सर्वांत जास्त फरक कशाने पडला असे कुणी विचारले तर आम्ही दार म्हणू. स्पीकरचा पडदा मागेही तेवढीच हवा ढकलतो. ती मागची हवा आतल्या पत्र्याच्या भोकांतून पुढे आली, की पुढच्या हवेला खाऊन टाकते, पुन्हा तीच झोक्याची गोष्ट. म्हणून आतल्या पत्र्याची मोठी भोके बंद करायची आणि पत्र्यावर चिकटणारे डांबरासारखे, वर ॲल्युमिनियमचा पापुद्रा असलेले पत्रे लावायचे. सगळे दार मढवायची गरज नाही, मोठ्या सपाट भागावर लावले तरी पत्र्याची थरथर थांबते. मात्र दाराच्या तळाशी पावसाचे पाणी वाहून जाण्यासाठी बारीक भोके असतात, ती चुकूनही बुजवू नका. पहिल्याच पावसाळ्यात गंज सुरू होईल. स्पीकर आणि पॅनेल यांमध्ये फोमचे कडे बसवावे, म्हणजे आवाज पॅनेलच्या पोटात न शिरता बाहेर येतो.

मग खडखड शोधायची. खालपासून वर हळूहळू चढत जाणारा स्वर लावायचा, 20 ते 200 हर्ट्झ, एकाने आत बसायचे आणि दुसऱ्याने बाहेरून हात दाबत फिरायचे. आमच्या गाडीत काय सापडले? मागची नंबरप्लेट, दाराच्या खिशातली चिल्लर, चष्म्याची डबी, आणि डॅशबोर्डवरचे गणपतीबाप्पा. बाप्पा चौऱ्याऐंशी हर्ट्झला नाचत होते. त्यांच्या खाली लोकरीच्या कापडाचा तुकडा ठेवल्यावर स्थिर झाले.

विजेबद्दल थोडक्यात बोलतो, पण एक मुद्दा गंभीर आहे. ॲम्प्लिफायरची अधिकची तार थेट बॅटरीवरून येते. तिच्यावर बॅटरीपासून दोन वितींच्या आत फ्यूज हवाच. फ्यूज ॲम्प्लिफायरचे रक्षण करतो असे लोक समजतात. तो गाडीचे रक्षण करतो. तार वाटेत कुठे पत्र्याला घासून उघडी पडली तर बॅटरीची सगळी ताकद त्या जागी ओतली जाते आणि आग लागते. फ्यूज ॲम्प्लिफायरपाशी असेल तर मधल्या तारेला वाचवणारे काहीच नसते. घरी गेल्यावर बोनेट उघडून एवढे तरी बघा. तार पातीने खरवडूनही बघा. वर तांबे आणि आत चांदीसारखे दिसले तर ती तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची तार आहे. तिला तेवढ्याच कामासाठी बरीच जाड घ्यावी लागते. उण्याची तार आखूड ठेवावी आणि रंग खरवडून उघड्या पत्र्याला घट्ट बसवावी. इंजिनाचा वेग वाढला की स्पीकरमधली शीळ चढत जात असेल तर दोष बहुधा याच जोडात असतो.

खोक्यावरचे वॅट वाचून कुणी भुलू नये. डेकवर ‘50 वॅट गुणिले 4’ लिहिलेले असते तो क्षणभराचा आकडा असतो. सलग मिळतात प्रत्येकी वीसच्या आसपास. आणि वीसचे चाळीस केले तरी वाढ तीन डेसिबलची, जेमतेम जाणवण्याइतकी. कानाला दुप्पट वाटायला दसपट वॅट लागतात. तेव्हा हातात पैसे असतील तर ते वॅटवर घालण्याआधी दारांवर घाला.

ॲम्प्लिफायरवर ‘गेन’ असे लिहिलेला एक छोटा स्क्रू असतो. तो आवाज वाढवण्याचा नव्हे, डेक आणि ॲम्प्लिफायर यांचा मेळ घालण्याचा आहे. आमचा दुकानातून आला तेव्हा शेवटपर्यंत फिरवलेला होता. असे केले की ध्वनीच्या लहरीचे शेंडे कापले जातात, आवाज चिरकतो आणि ट्वीटर जळतात. आम्ही मल्टिमीटरने लावला. स्पीकर सोडवून ठेवले, डेकचा आवाज पाऊण चढवला आणि 400 हर्ट्झचा एकसारखा स्वर लावला. 50 वॅट आणि 4 ओहम यांचा गुणाकार 200, त्याचे वर्गमूळ 14.1. मीटर एसीवर ठेवून तितके व्होल्ट दिसेपर्यंत स्क्रू फिरवायचा आणि थांबायचे. स्वर फार उंच घेऊ नये, स्वस्त मीटर वरच्या स्वरांवर खोटे आकडे दाखवतात.

सबवूफरला आम्ही 80 हर्ट्झच्या खालचे काम दिले आणि दारांना वरचे. डग्ग्याचा घुमारा, खर्जाच्या तारेचा तळ यांसाठी तो हवा, पण बेताने. बंद गाडी मुळातच खालचे स्वर वाढवून देते, लहान खोलीचा तो गुणच आहे. आमची कसोटी अशी, की सबवूफर चालू आहे हे कळू नये, बंद केल्यावर मात्र चुकल्यासारखे वाटावे.

कानाने जुळवताना आम्ही गाणे लावत नाही, आधी तंबोरा लावतो. चार तारांची झणकार स्वच्छ उलगडली पाहिजे, जवारीतले बारीक स्वर सुटे ऐकू आले पाहिजेत. ते पिठूळ वाटले तर वरची पट्टी कमी आहे, टोचले तर जास्त. मग नुसते बोलणे, आकाशवाणीवरच्या बातम्या. माणसाचा बोलण्याचा आवाज आपण जन्मभर ऐकतो, तो जरासा चुकला तरी लगेच कळते. सर्वांत शेवटी कुमारजी. देवास आपल्यापासून तासाभरावर, म्हणून म्हणत नाही. 1948 पासून अखेरपर्यंत ते तिथे राहिले, हा अभिमान आपल्याला आहेच. पण त्यांचा आवाज एकदम बारीक होतो, मधेच तुटतो, पुन्हा झेपावतो. गाडीत ते बारीक तुकडे रस्त्याच्या गोंगाटात जातात. ऐंशीच्या वेगाने, काचा बंद असताना ते ऐकू आले तर जुळणी बरी झाली असे समजावे. आणि ध्वनिमुद्रणाची प्रत बघून घ्या. जुन्या तबकडीची खरखर काढून टाकलेल्या काही प्रती फिरतात, त्यांत खरखरीबरोबर ‘स’ आणि ‘श’सुद्धा गेलेले असतात. आम्हाला खरखर चालते.

एक शेवटचा मुद्दा आणि थांबतो. मोबाइलवर डेसिबल मोजणारे ॲप असते, ढोबळ अंदाजाला पुरते. महामार्गावर आमच्या गाडीत नुसत्या चाका-वाऱ्याचाच आवाज सत्तरच्या आसपास भरतो, आणि त्यावर गाणे ऐकायचे म्हणून आपण नकळत वाढवत जातो. कामाच्या ठिकाणच्या आवाजासाठी अमेरिकेतल्या नायोश या संस्थेचा दंडक असा आहे, की 85 डेसिबल आठ तास, आणि पुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मा. 88 ला चार तास, 94 ला एक तास, 100 ला पंधरा मिनिटे. पुण्याच्या दहा-बारा तासांच्या प्रवासाला हे लावून बघा. टायरात हवा योग्य असणे, दाराचे रबर फाटलेले नसणे, यांनी गाणे न वाढवता जास्त ऐकू येते. आईचे कान तपासले तसे नंतर आम्ही आमचेही तपासून घेतले. आमच्यातल्या धाकट्याचा आलेख 4000 हर्ट्झला खाली गेला आहे. अनंत चतुर्दशीच्या झांक्यांबरोबर भोंग्यांच्या भिंतीपुढे अनेक वर्षे नाचल्याचे ते फळ असावे, असे त्याचे म्हणणे आहे. मंडळाने यंदा मिरवणुकीत ढोल-लेझीमच ठेवायचे ठरवले आहे, त्याला आमचा पाठिंबा.

येत्या रविवारी सकाळी नऊला मंडळाच्या आवारात या. ज्यांना गाडी तपासून हवी त्यांनी आपल्या ओळखीचे एखादे जुने ध्वनिमुद्रण आणावे. पेन्सिल सेल, फीत आणि मीटर आम्ही आणतो. दाराचे पॅनेल उघडावे लागले तर क्लिपा तुटू शकतात, तेवढी तयारी ठेवा. मागच्या मधल्या सीटवर बसून ऐकायला आई येणार आहे, ते तिने स्वतःच मागून घेतले आहे.